‘तारीख घेऊन या’ : सरकारी वकिलांना आणि त्यांना रिकाम्या हातांनी पाठवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्य सरकारच्या वतीने न्यायालयात उभे राहणारे सर्व वकील,
आणि ज्यांच्या टेबलावरून त्यांच्याकडे फाईल जायला हवी ते सर्व अधिकारी.

स. न. वि. वि.

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. शेवटची नऊ वर्षं भूसंपादनाच्या टेबलावर काढली आणि त्या नऊ वर्षांत शिवाजीनगरच्या कोर्टात इतक्या खेपा घातल्या की बाहेरच्या चहावाल्याला माझा बिनसाखरेचा चहा तोंडपाठ झाला होता. सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं की साहेब चष्म्यावरून बघत म्हणायचे, “आज ते अमक्याचं प्रकरण आहे ना? जा, तारीख घेऊन या.” येताना कोथिंबीर घेऊन या म्हणावं, त्या सुरात. मी जायचो, सरकारी वकिलांच्या मागे उभा राहायचो आणि तारीख घेऊन यायचो. नऊ वर्षांत रिकाम्या हाताने परतलो असं एकदाही झालं नाही.

तेव्हा या पत्रात पुढे जे काही बोलणार आहे, त्यात माझेही हात बरबटलेले आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

आता मी पलीकडच्या बाकावर बसतो. माझ्या थोरल्या वहिनीची पावणेदोन एकर जमीन रस्त्यासाठी गेली. ताबा २०१० साली घेतला, निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा सरकारी आदेश, पुढच्या वर्षी झाला, मिळालेला मोबदला तिने हक्क राखून उचलला आणि जुन्या १८९४ च्या कायद्याच्या कलम १८ खाली वाढीव मोबदल्यासाठी अर्ज केला. तेव्हा ती साठीच्या आत होती. आता चौऱ्याहत्तर. दरवर्षीच्या कालनिर्णयवर ती कोर्टाच्या तारखेभोवती लाल पेनाने गोल करते आणि वर्ष संपलं की ते कालनिर्णय फेकत नाही, कपाटात ठेवते. “रद्दीवाला मागतो, पण यात माझी केस आहे,” म्हणते.

खातं कोणतं, तालुका कोणता, न्यायालय कोणतं, वकील कोण, हे लिहिणार नाही. एकतर प्रकरण न्यायालयापुढे आहे. आणि दुसरं म्हणजे नाव लिहिलं की बाकीचे सगळे हुश्श म्हणतील, चला, आपल्याबद्दल नाही.

मागच्या तारखेला मी तिच्याबरोबर गेलो होतो. पुकारा झाला. आमचे वकील उभे राहिले. सरकारतर्फे एक तरुण वकीलबाई उठल्या. डाव्या हातावर फायलींचा एवढा गठ्ठा की वरची फाईल हनुवटीने दाबून धरलेली. आमच्या प्रकरणाची फाईल त्यांनी त्यातून ओढून काढली. ती आत जवळजवळ रिकामी होती, हे मला पाच फुटांवरून दिसलं. एवढी वर्षं फायली वाहिलेल्या माणसाला फाईलचं वजन नजरेनेच कळतं.

“साहेब, खात्याकडून माहिती आलेली नाही. वेळ मिळावा.”

न्यायाधीशांनी रोजनामा, म्हणजे प्रकरणाची तारीखवार नोंद, मागे उलटला. “मॅडम, मागच्या तारखेला हेच सांगितलं होतं.”

“हो साहेब. पत्र दिलं आहे.”

“शेवटची संधी.”

वहिनी माझ्या कानाशी लागून म्हणाली, “शेवटची किती वेळा असते रे?” मला उत्तर देता आलं नाही. रोजनाम्यात ‘शेवटची संधी’ हे शब्द त्याआधी दोनदा आलेले होते.

बाहेर व्हरांड्यात मी त्या वकीलबाईंना गाठलं. चिडून बोलायचं ठरवलं होतं. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यात पाच पत्रांचे फोटो होते. पाचही त्यांनी खात्याला पाठवलेली: संयुक्त मोजणीचा नकाशा द्या, त्या भागातल्या खरेदीखतांच्या नकला द्या, माहितगार माणूस पाठवा. प्रत्येकावर आवक शिक्का, तारखेसकट. “काका, माझ्याकडे त्यांच्या अर्जाची प्रत आहे, बाकी काही नाही. मी उभी राहून बोलू काय?”

त्यांच्यावर चिडण्यासारखं काही उरलं नाही. ती पाच पत्रं कुठे पडली असतील, हे त्यांना माहीत नव्हतं, मला होतं. सरकारी कार्यालयात सहा गठ्ठे पद्धत असते. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे: चालू कामाचे, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं (म्हणजे ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणं), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नाश करायचे. पद्धत उत्तम आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण कोर्टाचं पत्र आलं की ते सवयीने दुसऱ्या गठ्ठ्यात जातं. प्रतीक्षाधीन. म्हणजे आपण कुणाच्या तरी उत्तराची वाट बघतोय. प्रत्यक्षात वाट बघत असतो तो सरकारी वकील, आणि आपल्या उत्तराची. त्या गठ्ठ्यावर निवांत ऊन पडत असतं.

पुण्यात पेशवे दफ्तर आहे. तिथे दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा मोडीतला कागद रुमाल, म्हणजे कागदांचं कापडी गाठोडं, सोडून तुमच्यापुढे ठेवतात. आणि पंधरा वर्षांपूर्वीचा मोजणीचा नकाशा आम्हाला सापडत नाही! पेशव्यांच्या कारकुनांपुढे हात जोडावेसे वाटतात.

पण नकाशा सापडत नाही हे खरं कारण नाही. खरं कारण मी तुम्हाला टेबलाच्या आतल्या बाजूने सांगतो, कारण बाहेर बसलेल्यांना ते दिसत नाही आणि आतले बोलत नाहीत.

समजा, अर्जदाराची मागणी अर्धीअधिक बरोबर आहे, असं अधिकाऱ्याला फाईल वाचून कळलं. तसं त्याने लिहून द्यायचं म्हटलं, तर सही लागते. सही केली की प्रश्न सुरू होतात. लेखापरीक्षणवाले विचारणार, कुठल्या आधारावर मान्य केलं? वरचे विचारणार, परवानगी घेतली होती का? आणि कॅन्टीनमध्ये कुणीतरी हळूच म्हणणार, मॅनेज झाला वाटतं. उलट, प्रकरण पूर्ण ताकदीने लढायचं म्हटलं तरी सही लागते. परिच्छेदनिहाय अभिप्राय लिहायचे, शपथपत्र करायचं, साक्षीला उभं राहायचं, उलटतपासात विरुद्ध बाजूच्या वकिलाकडून चारचौघांत सोलून घ्यायचं.

तारखेला मात्र कुणाचीच सही लागत नाही.

सगळं दुखणं एवढंच आहे. तारीख ही एकच गोष्ट अशी आहे की जिचा निर्णय कुणी घेतलेला नसतो. साहेबाने तोंडी सांगितलेलं असतं, कारकुनाने तोंडी पोचवलेलं असतं, वकिलाने तोंडी मागितलेलं असतं. फाईलवर तिचा मागमूस नसतो. तीन वर्षांनी साहेबांची बदली होते, नवे साहेब म्हणतात, मला प्रकरण समजून घ्यायला वेळ द्या. आणि ते खोटं बोलत नसतात.

मग हरल्यावर काय? अपील. अपीलही असंच. ते करायला योग्य आहे का, हे कुणी विचारत नाही. न करणाऱ्याला मात्र विचारतात, का नाही केलं? म्हणून करायचं. मुदत उलटून गेली असली तरी करायचं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकारच्या एका प्रकरणात हे दुखणं अचूक पकडलं. भेरूलाल यांच्याविरुद्धचं ते अपील ६६३ दिवस उशिरा आलं होतं. न्यायालयाने अशा अपिलांना नावच दिलं, ‘सर्टिफिकेट केसेस’. वरच्या न्यायालयाने फेटाळलं असा दाखला मिळवायचा, तो फाईलला लावायचा, की खालचा प्रत्येक जण सुटला. न्यायालयाने २५ हजारांचा खर्च बसवला आणि तो उशिराला जबाबदार असलेल्या अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितलं. त्याच्या आठ वर्षं आधी, २०१२ साली, टपाल खात्याच्या ४२७ दिवसांच्या उशिरावर याच न्यायालयाने म्हटलं होतं की सरकारी कामकाजाची पद्धतच अशी असते, ही सबब आता चालणार नाही. मी ते वाचलं तेव्हा नोकरीत होतो. निकालाचं कात्रण मी साहेबांच्या टेबलावर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते मला प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात सापडलं.

आता थोडा हिशोब. मी कारकून माणूस, आकड्यांशिवाय मला चैन पडत नाही.

१८९४ च्या कायद्याखाली न्यायालयाने मोबदला वाढवून दिला, तर वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षाला ९ टक्के आणि त्यानंतर रक्कम कोर्टात भरेपर्यंत दरसाल १५ टक्के व्याज लागू शकतं. पंधरा टक्के! कुठल्या बँकेत आज ठेवीवर हा दर मिळतो? समजा, न्यायालयाने एखाद्या शेतकऱ्याला वीस लाख वाढवून दिले आणि ताबा घेऊन पंधरा वर्षं झाली आहेत. पहिल्या वर्षाचं व्याज १ लाख ८० हजार. पुढच्या चौदा वर्षांचं दरसाल ३ लाखांप्रमाणे ४२ लाख. एकूण व्याज ४३ लाख ८० हजार. मूळ वीस, व्याज पावणेचव्वेचाळीस. जमिनीपेक्षा वाट बघण्याची किंमत दुपटीहून जास्त.

हेच उलट करून बघा. दरसाल तीन लाख म्हणजे दिवसाला साधारण ८२२ रुपये. दीड महिन्याची एक तारीख म्हणजे ३७ हजार रुपये. त्या दिवशी त्या तरुण वकीलबाईंनी ‘वेळ मिळावा’ हे दोन शब्द उच्चारले, तेव्हा अशा एखाद्या प्रकरणात सरकारी तिजोरीतून ३७ हजार गेले असते. त्यांना त्या हजेरीचे जे काही मिळणार, त्याचं बिल मात्र खात्यात तीन टेबलं फिरणार आणि त्यावर कुणीतरी शेरा मारणार, ‘दर तपासून सादर करावे’. तो शेरा मीही मारलेला आहे. तारखेवर शेरा मारल्याचं आठवत नाही.

हे पैसे रस्त्याच्या खर्चात धरले जातात. कुणाच्या पगारातून जात नाहीत, म्हणून कुणाला टोचत नाहीत.

आणि जिंकणारी वहिनी सुखी होते, असंही समजू नका. तिचे यजमान, म्हणजे माझे थोरले बंधू, निकालाची वाट बघत गेले. अर्जात त्यांचंही नाव होतं, त्यांच्या जागी वारस लावायला सहा तारखा गेल्या. निकाल लागल्यावर सरकार अपिलात गेलं, तर तिला मुंबईला जावं लागेल. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं, सहा जिल्ह्यांची सोय झाली, आनंद आहे. पुणे त्यात नाही. खंडपीठाची मागणी इथल्या वकिलांनी इतकी वर्षं लावून धरली आहे की त्या मागणीलाच आता वारस लावायची वेळ आली. तर वहिनीने पंचाहत्तरीत पहाटे उठून गाडी पकडायची आणि फोर्टात जाऊन ऐकायचं, सरकारतर्फे वेळ मिळावा.

दिवाणी दाव्यांचंही असंच आहे. सरकारवर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते. हेतू किती शहाणपणाचा! सरकारने दोन महिन्यांत विचार करावा, माणसाचं बरोबर असेल तर देऊन टाकावं, कोर्टाची पायरीच नको. नोटीस आमच्याकडे आली की तिला आवक क्रमांक पडायचा आणि ‘पुढील आवश्यक कार्यवाहीसाठी’ म्हणून ती खालच्या कार्यालयाकडे निघायची. तिथून आणखी खाली. तलाठ्याच्या खाली फक्त कोतवाल असायचा, म्हणून तिथे थांबायची. तोवर दोन महिने झालेले असायचे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणात हे सगळं ओळखून प्रत्येक सरकारला सांगितलं की या नोटिसांना मुदतीत उत्तर जाईल यासाठी तीन महिन्यांत एक जबाबदार अधिकारी नेमा. वीस वर्षं झाली. तुमच्या कार्यालयात तो अधिकारी कोण आहे? नाव माहीत आहे? मला माझ्या अख्ख्या नोकरीत कळलं नाही. कदाचित मीच असेन.

२०१० मध्ये केंद्राने राष्ट्रीय दावा धोरण आणलं होतं. ‘कोर्टाला ठरवू दे’ ही वृत्ती टाकून द्या, प्रकरणांचं सरासरी आयुष्य पंधरा वर्षांवरून तीनवर आणा, असं त्यात होतं. पंधरावरून तीन! वहिनीच्या प्रकरणाचं वय त्या धोरणाइतकंच आहे.

आता वकिलांकडे वळतो. तुमचा सगळा दोष मी खात्यांच्या गळ्यात घातला, असं समजून निश्चिंत होऊ नका.

पुण्यात न्यायाविषयी कुणी लिहायला लागलं की तिसऱ्या परिच्छेदात रामशास्त्री येतात. मी त्यांना विश्रांती देतो. आपल्याला सरकारविरुद्ध उभे राहणारे वकील आठवतात. १८७९ मध्ये वासुदेव बळवंतांचं वकीलपत्र घेणारे सार्वजनिक काका आठवतात, आणि आठवावेतच. पण सरकारच्या बाजूने चोख उभा राहिलेला वकील कुणाच्या लक्षात राहत नाही. मी एक पाहिला आहे. आता हयात नाहीत. कोट कोपरावर विरलेला, आवाज खर्जातला. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे फाईल घेऊन गेलो आणि नेहमीप्रमाणे म्हणालो, “साहेबांनी तारीख घ्यायला सांगितलीय.” त्यांनी फाईल माझ्या अंगावरच परत टाकली. “तुमच्या साहेबांना सांगा, मी तारखांचा हमाल नाही. उद्या सकाळी सात वाजता मला जमीन दाखवा.”

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. चार एकर जिरायत, कडेने बाभळी. अर्जदाराने भाव सिद्ध करायला जे खरेदीखत दाखल केलं होतं, ते जवळच्या दहा गुंठ्यांच्या बिगरशेती प्लॉटचं होतं. हमरस्त्याला लागून. वकीलसाहेबांनी त्या प्लॉटपासून आमच्या बांधापर्यंतचं अंतर स्वतः चालून मोजलं, पावलांनी, मोठ्याने मोजत. मला म्हणाले लिहून घ्या. साक्षीत त्यांनी अर्जदाराला एकच प्रश्न असा विचारला की मला अजून पाठ आहे: “तुमच्या शेतात जायला त्या रस्त्यावरून किती ओढे ओलांडावे लागतात?” अर्जदार प्रामाणिक माणूस होता. “दोन,” म्हणाला. न्यायालयाने भाव वाढवला, पण मागितल्याच्या पाव हिश्शानेसुद्धा नाही. त्या शेतकऱ्याला योग्य तेवढं मिळालं, सरकारचं नको तेवढं गेलं नाही आणि सगळं अडीच वर्षांत आटोपलं.

याला मी सरकारी वकिली म्हणतो. सरकार जिंकावं किंवा हरावं, हा माझा मुद्दाच नाही. रिकाम्या फाईलने सरकार हरतं तेव्हा फुगवलेल्या मागण्याही मंजूर होतात, हे विसरू नका. वहिनीची रड आहेच, पण तिच्या शेजारच्या बाकावर असाही एखादा असतो ज्याला उत्तर द्यायला कुणी उभंच राहिलं नाही म्हणून छप्पर फाडून मिळालं.

दिवाणी संहितेच्या आदेश २७ मध्ये नियम ५-ब आहे. सरकार पक्षकार असलेल्या दाव्यात तडजोडीची शक्यता दिसली तर तिला मदत करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे, असं तो सांगतो. ती शक्यता न्यायाधीशांना दाखवून कोण देणार? तुम्हीच. खात्याला ‘हे प्रकरण लढण्यासारखं नाही’ असं लेखी कळवणारा सरकारी वकील मला नऊ वर्षांत वर सांगितलेला एकच भेटला. बाकीच्यांना भीती वाटायची की पुढच्या यादीत नाव राहणार नाही.

भीती खोटी नाही, हे मान्य करतो. सत्ता बदलली की बाररूममध्ये पहिली चर्चा कुणाची वर्णी लागणार याची असते. उत्तर प्रदेशात १९९० मध्ये सरकारने एका आदेशाने सगळ्या जिल्ह्यांतले सरकारी वकील एकदम घरी पाठवले होते. सर्वोच्च न्यायालयाने श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात तो आदेश रद्द केला आणि सांगितलं की हे काम सार्वजनिक स्वरूपाचं आहे, मनमानीला इथे जागा नाही. २०१६ मध्ये पंजाबच्या प्रकरणात पुन्हा सांगितलं की नेमणुका गुणवत्ता पाहून, पारदर्शक रीतीने करा. जनतेच्या पैशातून फी द्यायची आणि वशिल्याचा माणूस उभा करायचा, हे चालणार नाही. कागदावर सगळं आहे. पण ज्याला नेमणूक टिकवायची आहे तो ‘लढू नका’ असं लिहून देणार नाही, तारीख घेईल. म्हणजे त्याच्यापुरतंही तेच खरं: तारखेला सही लागत नाही.

फौजदारीबद्दल थोडंच लिहितो, तो माझा प्रांत नाही. एवढं माहीत आहे की खटला चालवणारा वकील तपास करणाऱ्या पोलिसांच्या हाताखाली नको, म्हणून वेगळी यंत्रणा करा, हे सर्वोच्च न्यायालयाला १९९५ मध्ये सांगावं लागलं ते महाराष्ट्रालाच, शहाणे यांच्या प्रकरणात. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. सरकारी वकिलाने खटला मागे घ्यायचा अर्ज केला तर पीडिताला म्हणणं मांडू दिल्याशिवाय न्यायालयाने परवानगी द्यायची नाही, असं तिच्या कलम ३६० मध्ये आहे. ही चांगली भर पडली. आजी-माजी आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घ्यायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्येच बजावलं आहे. तिथेही कायद्याला अपेक्षित आहे की वकिलाने स्वतःचं डोकं वापरावं, वरून आलेल्या चिठ्ठीवर अंगठा उमटवू नये.

आता मागणी. मोठं काही मागत नाही. समिती नको, पोर्टल नको, कार्यशाळा तर मुळीच नको. पंचतारांकित हॉटेलातल्या त्या कार्यशाळांना मी गेलोय. जेवण चांगलं असतं.

सरकारतर्फे तारीख मागायची असेल तर ती लेखी मागा, आणि त्या अर्जावर ज्या अधिकाऱ्यामुळे ती मागावी लागतेय त्याचं नाव, हुद्दा आणि सही असू द्या. बस. वकिलाची सही नको, ती असतेच. खात्यातल्या माणसाची हवी. ‘खात्याकडून माहिती नाही’ हे वाक्य बंद करा, कारण खातं नावाचा माणूस नसतो. ‘अमुक पदावरील श्री. अमुक यांनी अमुक तारखेच्या पत्राला उत्तर दिलेलं नाही’ असं लिहा. भूसंपादनाचं प्रकरण असेल तर खाली एक ओळ आणखी: या मुदतवाढीमुळे होऊ शकणारं व्याज अंदाजे इतके रुपये. गुणाकार माझ्याकडून करून घ्या, फुकट करून देतो.

यासाठी कायदा बदलावा लागत नाही. दिवाणी संहितेच्या आदेश १७ नियम १ मध्ये आधीपासून आहे की तहकुबी द्यायची तर कारणं लेखी नोंदवून द्यायची आणि एका पक्षाला सुनावणीदरम्यान तीनपेक्षा जास्त वेळा द्यायची नाही. फार अपवादात्मक परिस्थिती असेल तर गोष्ट वेगळी. पण कारण म्हणून रोजनाम्यात जर एवढंच उतरलं, ‘सरकारतर्फे अर्ज. मंजूर.’, तर त्यातून पुढच्या साहेबाला, लेखापरीक्षकाला, वहिनीला काय कळणार?

मला माहीत आहे, काय होईल. पहिले दोन महिने आरडाओरड होईल. अधिकारी म्हणतील, आमच्यावर निवडणुकीचं काम आहे, पंचनाम्यांचं काम आहे, जनगणना आहे. असतंच. मी केलंय सगळं. एका माणसाकडे चार टेबलं असतात, तलाठ्याकडे तीन सजे, म्हणजे गावांचे तीन गट, असतात, हेही खरं. पण मग तेच लिहा ना त्या अर्जावर, ‘माझ्याकडे चार पदांचा कार्यभार असल्याने’. न्यायालयाला कळू दे. विधिमंडळात कुणी विचारलं तर कागद राहील. आज सगळ्या महाराष्ट्रात मनुष्यबळ कमी आहे म्हणून ओरड होते आणि कोर्टाच्या रोजनाम्यात मात्र त्याचा एक शब्द सापडत नाही.

आणि सही करताना हात थोडा थबकेल. तेवढं मला पुरे आहे. मी स्वतःला ओळखतो. मला त्या काळात कुणी म्हणालं असतं, ‘जा, तारीख घेऊन या, पण आधी इथे सही करा, तुमच्यामुळे घेतली म्हणून’, तर मी आधी अभिलेख कक्षात जाऊन तो नकाशा शोधला असता.

वहिनीच्या प्रकरणाची पुढची तारीख पुढच्या महिन्यात गुरुवारी आहे. तिच्या मोबाईलमध्ये मी ई-कोर्ट्सचं ॲप टाकून दिलंय, प्रकरणाचा सोळा अंकाक्षरांचा सीएनआर नंबर कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवलाय, पण तिचा विश्वास कालनिर्णयवरच आहे. लाल गोल झालेला आहे. अकराला पुकारा असतो, आम्ही साडेदहापर्यंत पोचतो. त्या वकीलबाईंचं सहावं पत्र मी स्वतः नेऊन दिलंय आणि आवक क्रमांक लिहून घेतलाय. आता ते कुठल्या गठ्ठ्यात आहे ते तेवढं बघा. नकाशा सापडत नसेल तर मला बोलवा, अभिलेख कक्षात येऊन शोधून देतो. डाव्या हाताच्या रॅकवर, खालच्या कप्प्यात, पावसाचं पाणी येतं म्हणून आम्ही काही रुमाल विटांवर ठेवले होते. तिथे आधी बघा.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून
पुणे